बाहुलीचा फ्रॉक बाजूला ठेवा, चिंचोक्यांची पिशवी घ्या

जुळे सोलापुरातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी आठ वर्षांची, शिवणाची भारी हौस. सुट्टी लागल्या लागल्या बाहुलीला फ्रॉक शिवायचा हट्ट धरला, म्हणून आईने गुलाबी सॅटीनचा अर्धा मीटर आणून दिला. दोन दिवसांत कापडाच्या दशा निघाल्या, रडारड झाली आणि ‘मला जमतच नाही’ म्हणून सुईदोरा कोपऱ्यात गेला. आता आई विचारते आहे की सोपं काय द्यावं, घरात सासूबाईंची पायमशीन आहे तिच्यावर बसवावं की आधी हातानेच शिवू द्यावं, आणि लेक डावखुरी आहे त्याची अडचण होईल का.

ताई, तुमच्या लेकीला धीर नाही असं मनात आणू नका. आठ वर्षांचं पोर दोन दिवस सॅटीनशी झुंजलं, म्हणजे धीर भरपूर आहे. चुकलंय ते काम निवडण्यात. आणि ही चूक घरोघरी होते, कारण बाहुली लहान दिसते, म्हणून तिचं काम लहान आणि सोपं वाटतं.

मी २००३ पासून घरी शिवणाचा क्लास घेते. त्याआधी सहा वर्षं आपल्याच गावात युनिफॉर्मच्या कारखान्यात कॉलर-कफ लावत होते. लहान मुलांची बॅच फक्त मे महिन्यात असते आणि बाहुलीच्या फ्रॉकवरून हिरमुसलेलं एखादं तरी मूल दर वर्षी येतंच. शिवणात वस्तू जितकी लहान तितकं काम अवघड. मोठ्या माणसाच्या झंपराचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोल कड, हातात धरून फिरवता येतो. बाहुलीचा मुंढा बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा. तेवढ्यात गोल वळायचं, माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं कापड, जेमतेम पाव इंच, आणि सॅटीन असं की कात्री लागली की कडेचे धागे सुटायला लागतात. टाका घालेपर्यंत मायाच संपलेली असते. माझ्याकडे दोन वर्षं शिकलेल्या बायकाही बाहुलीचे कपडे शिवताना घामाघूम होतात. तिथे तिने सुरुवात केली होती.

आता काय द्यायचं हे काही अंशी तुमच्या घरावर आणि मुलीवर अवलंबून आहे. नुसत्या वयावरून मी ठरवत नाही. मूल आलं की तीन गोष्टी करायला सांगते: बुटाच्या नाडीची गाठ मारून दाखव, वहीच्या कागदावरची एक रेघ कात्रीने कापून दाखव, आणि सुईत दोरा ओव. ओवता आला नाही तरी चालतं, पण किती वेळ प्रयत्न करते ते मी बघते. सहा वर्षांची एखादी हे तिन्ही करते, दहा वर्षांच्या एखाद्याला कात्री धरता येत नाही. गाठ आणि कात्री जमत नसेल तर कापडाला अजून वेळ आहे. तोवर गोणपाटाचा तुकडा किंवा मॅटीचं कापड, बोथट टोकाची मोठी सुई आणि लोकर द्या. भोकातून वर, भोकातून खाली, बास. तुमच्या लेकीने फ्रॉक कापायला घेतला होता, म्हणजे ती या पायरीच्या पुढे आहे.

वेळही बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. दुपारी पंख्याखाली कापड उडतं, पंखा बंद केला तर बोटांना घाम येऊन सुई निसटते. मी मुलांची बॅच सकाळी साडेसात ते नऊ घेते. घरी तुम्ही पाऊण तास धरा, त्याहून जास्त नको. मूल ‘अजून थोडं’ म्हणत असतानाच उठवलेलं बरं.

पहिल्या कामात मी सगळ्यात आधी सरळ रेघा बघते. चार बाजू, चार कोपरे, वळण कुठेही नाही. दुसरं, वस्तू तिच्या दोन्ही पंज्यांत मावेल एवढी हवी. त्याहून लहान धरता येत नाही, त्याहून मोठी आवरता येत नाही. तिसरं, दोन बैठकांत पुरी व्हायला हवी. आणि ज्यावर मी हट्टाने अडून बसते ते चौथं: ती वस्तू लगेच वापरात यायला हवी, आणि टाका चांगला पडला की नाही हे वापरताना वस्तूनेच सांगायला हवं, आईने नाही.

म्हणून माझ्याकडे पहिली वस्तू असते चिंचोक्यांची पिशवी. एकमेकांकडे फेकून झेलायची, तळहाताएवढी, चौकोनी.

कापडापासून सुरू करू, कारण सोलापुरात एक वेगळीच अडचण असते. आपल्या घरात जुन्या चादरी आणि टॉवेल ढिगाने असतात, आणि वाटतं की यातलंच फाडून देऊ. पहिल्या कामाला ही दोन्ही कापडं नकोत. आपली चादर इतकी जाड आणि घट्ट विणलेली की लहान मुलाच्या बोटांनी सुई आरपार जातच नाही. ती नेढ्याकडून दाबते आणि नेढं बोटात रुततं. टॉवेल कापला की कडेने धाग्यांचे फास गळत राहतात, टाका त्या फासांमध्ये बुडून जातो, आणि आपण कुठे शिवलं तेच मुलाला दिसत नाही.

हवं ते चौकड्यांचं सुती कापड. शाळेच्या शर्टाचं असतं तसं, बारीक चौकटींचं. पूर्व भागात युनिफॉर्म शिवणारे घरोघरी आहेत, त्यांच्याकडे कात्रणं पडलेली असतात. ओळखीत मागितली तर मिळतात. नाहीतर चाटी गल्लीत कटपीस मिळेल. चौकड्यांचा फायदा असा की रेघ आखावीच लागत नाही. कापायचं चौकटीवरून, शिवायचं चौकटीवरून. पाव इंची चौकट असेल तर मी म्हणते, ‘एक घर वर, एक घर खाली,’ आणि धावदोरा आपोआप सारखा पडतो. फूटपट्टी आणि खडू घेऊन बसलेलं मूल आखण्यातच दमून जातं, शिवायला जीव उरत नाही.

युनिफॉर्मचं कात्रण घेताना ते सुतीच आहे ना ते बघा. पुष्कळदा टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं असतं. दुमडून नखाने घडी घालून बघा. सुती कापडाची घडी बसते, टेरिकॉटची पुन्हा उघडते. मुलाला हे न उघडणारं कापड हवं, कारण दर वेळी इस्त्री कुठे फिरवणार. चौकडे नाहीच मिळाले तर मांजरपाट घ्या, पण आधी भिजवून, वाळवून मगच कापायला द्या. ते धुतल्यावर आटतं.

सहा इंचांचे दोन चौकोन कापायचे. कापडाची सुलट बाजू आत, उलट बाजू बाहेर, एकावर एक. कडेपासून अर्धा इंच माया सोडून शिवायचं. तीन बाजू पूर्ण आणि चौथ्या बाजूला मधे दोन इंच तोंड उघडं. दोरा तिच्या बोटांपासून कोपरापर्यंत आणि पुन्हा परत एवढाच घ्या. मुलं याहून कितीतरी लांब घेतात, म्हणजे पुन्हा ओवायला नको, आणि तिसऱ्या टाक्याला गुंता होतो. दोन्ही टोकं एकत्र करून एकच गाठ मारा. एकेरी दोऱ्यात सुई सारखी निसटून हातात येते. रंग कापडाशी जुळणारा घेऊ नका. पांढऱ्या-निळ्या चौकड्यांवर लाल दोरा. आयांना हे आवडत नाही, पण मुलाला आपला टाका दिसला पाहिजे. दिसला की तो स्वतःच सुधारतो.

कोपऱ्यांवर मुलं घाई करतात. तिथे सुई थांबवून, त्याच जागी दोनदा टाका घालून मगच वळायला सांगा. शिवून झालं की चारही कोपऱ्यांचं टोक थोडं तिरपं कापायचं, टाक्याला धक्का न लावता. मग तोंडातून बोट घालून पिशवी उलटवायची. हे तुम्ही करू नका, तिलाच करू द्या. आत बोट घालून एकेक कोपरा बाहेर ढकलताना मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. एवढा वेळ हातात होतं ते उलटं, ओबडधोबड, दशा निघालेलं काहीतरी. आणि एका मिनिटात त्यातून बंद कडांची, सरळ रेघांची पिशवी बाहेर येते. शिवण म्हणजे काय ते मुलाला त्या क्षणी कळतं, तोवर मी कितीही बोलले तरी कळत नाही.

आत दोन मुठी चिंचोके. गच्च भरायचं नाही. तीन हिस्से जागा असेल तर दोन हिस्से भरा. मग तोंडाच्या कडा आत दुमडून वरून शिवून टाका. आता फेका आणि झेला.

चिंचोकेच का, ते सांगते. चिंचोका मोठा असतो. नवख्या हाताचा टाका पाव इंचाचा पडला, मधे फट राहिली, तरी चिंचोका बाहेर येत नाही. पहिली पिशवी जवळपास प्रत्येकाची टिकते. ती दोन-चार दिवस खेळून झाली की दुसरी पिशवी शिवायची आणि तिच्यात ज्वारी भरायची. मग त्याच पाव इंचाच्या टाक्यातून फरशीवर ज्वारी सांडते. मी काही बोलत नाही. मूल पिशवी डोळ्यांजवळ नेऊन बघतं, कुठून गळतंय ते शोधतं आणि स्वतःच म्हणतं, ‘इथं लांब झालाय.’ तेव्हा मी उलटी टीप दाखवते, टाका मागे घेऊन पुढे जायची. त्याआधी दाखवली असती तर ‘हे कशाला?’ असं झालं असतं. आता त्याला गरज असते.

ज्वारीच्या पिशवीला काही महिन्यांत कीड लागू शकते, तेव्हा खेळून झाल्यावर ज्वारी काढून टाका किंवा भरण्याआधी कडक उन्हात चांगली वाळवून घ्या. आणि घरात रांगणारं बाळ असेल तर चिंचोके, ज्वारी दोन्ही नकोत. जुन्या कापडाच्या बारीक चिंध्या भरा. टाक्याची परीक्षा होणार नाही, पण बाळाच्या तोंडात काही जाणार नाही.

पुष्कळ जण पहिलं काम म्हणून रुमाल देतात. चार बाजू दुमडायच्या, झालं. मला ते पटत नाही. रुमालाची कड दोनदा बारीक दुमडावी लागते आणि कोपऱ्यात तर नऊ पदर एकावर एक येतात. तिथे मोठ्यांची सुईसुद्धा अडते. शिवाय सगळे टाके उघड्यावर. पिशवीचे टाके आत जातात, वाकडे असले तरी चालतात. रुमाल चौथ्या-पाचव्या वस्तूनंतर द्या.

पिशव्यांनंतर बटवा. आठ इंच रुंद, वीस इंच लांब सुती तुकडा. लांब बाजूंच्या कडा आधी पाव इंच दुमडून शिवून घ्या, म्हणजे दशा निघणार नाहीत. मग दोन्ही अरुंद टोकांना नाडी ओवायला एकेक इंचाचा नेफा दुमडून शिवायचा, कापड सपाट असतानाच. त्यानंतर सुलट बाजू आत ठेवून मधे घडी घालायची आणि दोन्ही कडा शिवायच्या, पण नेफ्याच्या खालपर्यंतच. मूल इथे हमखास चुकतं. मागच्या मे महिन्यात एक नऊ वर्षांचा मुलगा होता, शिवण नीटस, पण जोरात. तो तळापासून थेट वरच्या टोकापर्यंत शिवत गेला, नेफ्याची तोंडंही बंद करून टाकली. मला दिसलं होतं, मी थांबवलं नाही. त्याने नाडीला सेफ्टी पिन लावली आणि आत घालायला गेला, तर जायला वाटच नाही. चारही बाजूंनी पिन फिरवून बघितली. मग पिशवी मांडीवर ठेवून थोडा वेळ गप्प बसला, आणि कात्री मागून घेतली. तीन टाके स्वतः उसवले. तो बटवा त्याने जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पैसे ठेवायला नेला होता, हे त्याच्या आजीने मला सांगितलं.

तिसरी वस्तू गरम भांडं धरायची जाडी गादी, आणि टॉवेलचा उपयोग इथे. सात इंचांचे दोन सुती चौकोन, मधे जुन्या टॉवेलचा सहा इंचांचा तुकडा. टॉवेल मुद्दाम लहान घ्यायचा, म्हणजे कडेला जाड होत नाही. पिशवीसारखंच शिवून उलटवायचं, टॉवेल आत सरकवायचा आणि तोंड बंद करून गोधडीसारखा आरपार धावदोरा घालायचा, चौकटींच्या रेघांवरून. सगळं सुतीच हवं. टेरिकॉट गरम तव्याला लागलं तर वितळतं, हाताला चिकटतं. भाकरीचा तवा रोज उचलताना ही गादी हातात येते आणि मुलीला रोज दिसते. आजीचं जुनं सुती लुगडं असेल तर वरच्या पदरासाठी ते फार छान. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की सुई लोण्यात जाते तशी जाते.

फ्रॉक सोडून द्या असं मी म्हणत नाही. कपडाच शिवायचा असेल तर या तीन-चार वस्तूंनंतर तिच्या स्वतःच्या मापाचा, कमरेला इलॅस्टिक घातलेला घागरा घ्या. त्यात सरळ शिवण आणि नेफा एवढंच असतं, दोन्ही तिला तोवर येत असेल. बाहुलीला तोवर चौकोनी दुपटं आणि उशी चालेल.

मशीनचं विचारलंत. हातशिलाईच्या दोन-तीन वस्तू झाल्याशिवाय मी कोणालाही मशीनवर घेत नाही, कारण हाताने शिवताना कापड कसं सरकतं ते बोटांना कळतं. नंतर सासूबाईंची पायमशीन उत्तम आहे, फक्त मोटर बसवलेली असेल तर मोटरवर नको. पॅडल जरा जास्त दाबलं गेलं की सुई बोटावर येते. खुर्चीत नीट टेकून बसल्यावर तिची दोन्ही पावलं पायदानावर सपाट टेकतात का ते बघा. टेकत नसतील तर थांबायचं कारण नाही. तुम्ही शेजारी बसून हाताने चाक फिरवा, तिने फक्त कापड पुढे न्यावं. चाकाची वरची बाजू आपल्याकडे यायला हवी. उलटं फिरलं की दोरा तुटतो आणि नवखं मूल घाबरतं.

पहिले दोन दिवस दोरा न ओवता, वहीच्या रेघी पानावर शिवायला द्या. सुईची भोकं रेघेवर पडली की नाही ते लगेच दिसतं, आणि पान उजेडाकडे धरलं की मुलांना मजा वाटते. त्यासाठी जुनी सुई वापरा, कागदाने सुई बोथट होते. सुईच्या दोन बोटं अलीकडे मशीनवर खडूची रेघ मारा आणि सांगा, बोटं या रेघेच्या पलीकडे जायची नाहीत. मशीनवरचं पहिलं काम उशीचा अभ्रा, मागे एकावर एक येणाऱ्या दोन पदरांचा. चेन नाही, बटण नाही, सगळ्या सरळ टिपा.

एक गोष्ट माझ्या चुकीतून सांगते. सुरुवातीची काही वर्षं मी मुलांनाही बायकांसारखंच शिकवायचे: आधी कापडाच्या तुकड्यांवर बारा प्रकारच्या टाक्यांचे नमुने, ते वहीत चिकटवायचे, मग वस्तू. मला तसंच शिकवलं होतं. मुलं चौथ्या-पाचव्या नमुन्याला यायची बंद व्हायची आणि मला वाटायचं, आजकालच्या पोरांना चिकाटी नाही. एका मुलीने मला सरळ विचारलं, ‘काकू, हे कोण वापरणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या सुट्टीपासून नमुने बंद केले.

आणि तुमच्याकडून एक वचन हवं. ती झोपल्यावर तिचं शिवण उसवून नीट करून ठेवू नका. माझ्या बॅचमधल्या एका आईने प्रेमापोटी केलं होतं. सकाळी मुलीने पिशवी उलटीसुलटी केली, दोऱ्याची गाठ बघितली आणि म्हणाली, ‘ही माझी गाठ नाही.’ त्यानंतर ती क्लासला आली, पण हातात सुई घेतली नाही. तिला पुन्हा बसवायला मला आठ दिवस लागले. वाकडं असू द्या. ज्वारी गळेल, मग ती स्वतः करेल. सुया मात्र तुम्ही सांभाळा: तीनच द्यायच्या आणि उठताना तीन मोजून डबीत परत घ्यायच्या.

राहिलं डावखुरेपणाचं. मशीनला त्याने काही फरक पडत नाही. हातशिलाईत ती डावीकडून उजवीकडे जाईल, आपण उजवीकडून डावीकडे जातो, एवढंच. तिचा हात वळवायला जाऊ नका. अडचण कात्रीची होते: उजव्या हाताच्या कात्रीची पाती डाव्या हातात कापड कापण्याऐवजी दुमडतात. डावखुऱ्यांची कात्री मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर पहिल्या दोन वस्तू तुम्ही कापून द्या. आणि टाका दाखवताना तिच्या शेजारी बसू नका, समोर बसा. शेजारून तिला तुमचा हात उलटा दिसतो. समोरून आरशात बघितल्यासारखा दिसतो, तुमची सुई ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला तिची जाते, आणि ती आपोआप बरोबर करते.